मी धुतलेली विहीर

बदलापुरात बेलवलीला आम्ही फ्लॅट घेतला तो शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमारास. बिल्डिंग नवी होती, पण आवारातली विहीर जुनी. ज्या शेतकऱ्याने बिल्डरला जमीन विकली, त्याच्या वडिलांनी ती खणलेली. नळाला दिवसाआड पाणी, त्यामुळे बारा बिऱ्हाडांची सगळी भिस्त विहिरीवर. मी अंबरनाथच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवायचे. स्वच्छतेचा विषय निघाला की माझ्या अंगात येतं, असं आमचे हे अजूनही म्हणतात.

विहिरीत शेवाळ होतं, बोटाच्या पेराएवढे मासे होते आणि परातीएवढं एक कासव होतं. हे असलं पाणी आपण वापरायचं? मी सगळ्या बायकांना पटवलं. एप्रिलमध्ये पंप लावून विहीर उपसली, भिंती घासून घेतल्या, बादल्या भरभरून मासे आवारात ओतले. बगळ्यांची चंगळ झाली. कासव कोणीतरी पोत्यात घालून नेलं. कुठे, हे मी विचारलंही नाही. तळ दिसणाऱ्या विहिरीकडे बघत मी कितीतरी वेळ उभी होते.

पावसाळा सरला आणि कळशीत अळ्या वळवळायला लागल्या. ब्लीचिंग पावडर टाकली की चार दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. तीन घरांत मलेरिया झाला. सोसायटीची मीटिंग बसली आणि ठरलं, विहीर बुजवायची. रविवारी डेब्रिजचे ट्रक येणार होते. उन्हाळ्यात काय पिणार, ते पुढे बघू म्हणाले.

मी तेव्हा सहामाहीचे पेपर तपासत होते. एका हातात लाल पेन, दुसऱ्या हाताने डास मारणं चालू. प्रश्न मीच काढला होता: अन्नसाखळीतून बेडूक नाहीसे झाले तर काय होईल? वर्गातल्या सगळ्यात ढ मुलीनेही बरोबर लिहिलं होतं, किडे वाढतील. तिला मी पूर्ण गुण दिले आणि पेन खाली ठेवलं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तशीच खरवईला गेले, त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरी. सगळं सांगितलं.

"मासं काढलं ना, बाई? मंग किडं कोन खानार? तुमी?"

"चुकले, बाबा."

त्यांनी कोपऱ्यातली टोपली उचलली. टोपलीत शितं टाकून ती आपल्या विहिरीत सोडली, वर ओढली आणि मासे घरातल्या दुधाच्या किटलीत ओतून मला दिले. कासवाचं विचारलं तर दुसरीकडे बघत म्हणाले, "आता कसला कासव!"

त्याच संध्याकाळी मासे विहिरीत सोडले. मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर चूक कबूल केली आणि पंधरा दिवस मागून घेतले. कोणी ब्लीचिंग टाकू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ राखण केली. रोज बादली काढायची, उन्हात धरायची, बघायची. बाराव्या दिवशी बादलीत एकही अळी नव्हती. पुन्हा काढली, पुन्हा नाही. मी काठावरच बसले आणि ओक्साबोक्शी रडले. शेजारणी धावत आल्या, त्यांना वाटलं माझ्या घरी काही झालं. ट्रक आले नाहीत ते नाहीतच.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी बरंच खाली गेलं. विहीर उपसायची का, असं कोणीतरी विचारलं. मी साफ नाही म्हणाले. नुसता पालापाचोळा जाळीने काढून घेतला.

मे सरता सरता एका सकाळी म्हातारबाबा दारात उभे. खांद्यावर पोतं, पोत्यात हालचाल. माझ्याकडे न बघताच ते विहिरीकडे चालू लागले. मी मागोमाग गेले. त्यांनी पोतं दोरीने अलगद खाली सोडलं. परातीएवढी ती पाठ पाण्यात शिरली आणि मला एकदम हलकं वाटलं.

"म्हणजे तुम्हीच नेलं होतंत? मग तेव्हाच का नाही दिलंत?"

"माज्या बापानं सोडलेला हाय त्यो," दोरी गुंडाळत ते म्हणाले. "औंदा पुन्ना धुता का, त्येच बघत व्हतो."