भुरीला एक्कावन्न, वेल्सला किती?

१२ डिसेंबर १९८१. रक्कम रुपये एक्कावन्न, एका व्याख्यानाचं मानधन. हजर पाच जण: आमच्या कॉलनीच्या व्याख्यानमालेचे अध्यक्ष, चिटणीस, बँकेत नोकरी करणारे एक सभासद, खजिनदार म्हणून मी, आणि पुढच्या शनिवारच्या वक्त्या म्हणून माझी बायको. बैठक आमच्याच घरी होती, त्यामुळे चहाही तिनेच केला.

आमच्या मालेत पुरुष वक्त्याला पाकिटात एक्कावन्न रुपये द्यायची पद्धत होती आणि बाई असली तर खण-नारळ. हे कुणी ठरवलं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"गेल्या शनिवारी पिंपळगावच्या पाहुण्यांनी द्राक्षांवरच्या भुरी रोगाचा कागद वाचून दाखवला," बायको म्हणाली. "निम्मा हॉल झोपला. भुरीला एक्कावन्न आणि मला खण?"

"अहो बाई, खण म्हणजे मान असतो," अध्यक्ष म्हणाले.

"मग साहेब, तो मान पाहुण्यांना का नाही दिलात?"

चिटणिसांना तोंडात चहाचा घोट असतानाच हसू आलं आणि बँकवाल्यांचा शर्ट गेला. शेवटी ठरलं, लोक अखेरपर्यंत बसले तर एक्कावन्न, उठून गेले तर खण-नारळ. मी मत दिलं नाही. पैसे आपल्याच घरात यायचे असताना खजिनदाराने हात वर करणं बरं नव्हे. "भुरीसाठी बरा वर झाला होता हात!" एवढं बोलून ती कप विसळायला गेली.

ती शाळेत इतिहास शिकवायची. व्याख्यानासाठी वाचनालयातून इंग्लंडशेजारच्या वेल्समधल्या नामवंतांच्या चरित्रांचा एक जाडजूड ग्रंथ तिने आणला होता आणि तो परत करायचं नाव घेत नव्हती. कुकरच्या तीन शिट्ट्यांत एखादा धर्मोपदेशक जन्मून, गाजून, वारायचा. पोळी लाटताना कुणी खाणीतला पोरगा पार्लमेंटात पोचायचा. मला गल्लीतल्या लोकांपेक्षा वेल्समधले जास्त माहीत झाले होते.

शनिवारी थंडी कडाक्याची. हॉल भरला, पण सगळे कानटोप्या घालून, म्हणजे केव्हाही घरी जायच्या तयारीने. वक्त्याचा परिचय अध्यक्षांनी करून द्यायचा, ही दुसरी पद्धत. बायकोने त्यांना आधी टिपण दिलं होतं. त्यात एक राजकारणी, एक धर्मोपदेशक, एक गायक, आणि तिघांचं आडनाव एकच. अध्यक्षांनी तिघांचा मिळून एक माणूस केला.

"हे थोर गृहस्थ," ते म्हणाले, "सकाळी पार्लमेंटात भाषण करीत, दुपारी चर्चमध्ये उपदेश करीत आणि रात्री गात असत!"

"मग जेवायचे कधी?" मागून कुणीतरी विचारलं.

हॉलमध्ये हशा पिकला. अध्यक्षांना वाटलं, परिचय रंगला. मी मात्र घामाघूम. चूक सुधारावी तर अध्यक्ष दुखावणार, न सुधारावी तर व्याख्यानच उभं राहत नाही.

बायको उठली. "साहेबांचा दोष नाही," ती म्हणाली. "वेल्समध्ये आडनावंच मोजकी. एकाच गावात एका आडनावाची वीस बिऱ्हाडं. म्हणून लोक आडनावापुढे धंदा जोडतात. दूधवाले, पाववाले, खाणवाले. आपल्याकडे एका आडनावाची सहा घरं आहेत, त्यांना तुम्ही काय म्हणता?"

"एक स्कूटरवाले!" "एक कुत्रेवाले!" "एक उधारीवाले!" उधारीवाले स्वतः तिसऱ्या रांगेत होते. ते उभे राहून नमस्कार करू लागले. हसण्याच्या त्या लाटेवर तिने आपली तीन माणसं वेगळी करून आत आणली. राजकारणी खाणीतून वर आलेला. धर्मोपदेशक असा, की बोलता बोलता त्याचा आवाज चढायचा आणि प्रवचनाचं गाणं व्हायचं. तो तिने करूनही दाखवला, तेव्हा पहिल्या रांगेतल्या आजींनी टाळ नसताना टाळ्यांचा ठेका धरला.

मग गायक. खाणकामगार चार वेगवेगळ्या सुरांत एकदम गातात, हे सांगून कुणाला पटेना. तिने हॉलचे चार भाग केले. एकाला सा, दुसऱ्याला ग, तिसऱ्याला प, बायकांना वरचा सा.

"धरून ठेवायचं. शेजारच्याकडे जायचं नाही!"

आम्ही भजनात वाढलेली माणसं. जो सर्वांत मोठ्याने गातो त्याच्या मागे जायची सवय. अध्यक्षांचा सा खणखणीत लागला आणि तिन्ही भाग लगोलग त्याला येऊन मिळाले.

"साहेब, जरा हळू. तुम्ही सगळं वेल्स ओढून नेलंत!"

दुसऱ्यांदा ग घसरला. तिसऱ्यांदा लोकांनी कानांत बोटं घातली, डोळे मिटले, आणि चारही सूर उभे राहिले. फार थोडा वेळ, पण राहिले. छतावरच्या पत्र्याला कंप सुटला. मी प मध्ये होतो. इतकं भारी मला लग्नातही वाटलं नव्हतं.

लोक उठेनात. "आणखी एकदा!" म्हणून ओरडू लागले. वेळ संपून गेली तरी स्कूटरवाले आणि कुत्रेवाले एकमेकांना सूर चुकल्याबद्दल झापत होते.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. आवाज बसला होता. "खजिनदार, पाकीट द्या."

"'लोक अखेरपर्यंत बसले' असं तुमच्या नावावर नोंदवू?"

"अहो, द्या हो!"

महसुली तिकीट लावलेली पावती मी पुढे केली. तिने मंचावरच नोटा मोजल्या, मग सही केली. रुपये एक्कावन्न, रोख, खजिनदाराकडून त्याच्या बायकोला.