झाडाला टेकलेले साहेब

मी आमच्या गावातला पहिला पदवीधर. बी.एस्सी., सेकंड क्लास. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो. तेव्हाही सांगायचो, आणि त्यामुळेच अडकलो.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. चिंचवडला ज्वारीच्या वावरांमधून एकेक कारखाना उभा राहत होता, आणि त्यातल्या एकात मी तळवड्याहून सायकलने कामाला जात होतो. एक दिवस आमच्याकडे जपानहून पत्रा दाबायचं यंत्र आलं. बटणांवर सगळी अक्षरं जपानी. यंत्र बसवायला आलेला जपानी पाहुणा पंधरा दिवसांनी परत जाणार होता.

"हे कोण वाचणार?" फोरमनसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"मी. पदवीधर आहे साहेब. लिपीच आहे ना, शिकू."

"शीक. पाहुणा जायच्या आदल्या दिवशी परीक्षा. एक बटण चुकलं तर मशीनवर पुण्याहून माणूस आणतो, आणि तू स्टोअरमध्ये बसून नटबोल्ट निवड."

त्याच संध्याकाळी वडिलांनी गावभर सांगून टाकलं की आमचा पोरगा जपानी वाचतो.

आधी आम्ही बटणांवर मराठी चिठ्ठ्या डकवून पाहिल्या. तेलकट हातांनी त्या दुपारपर्यंत गळून पडल्या. रंगाने लिहावं म्हणून ब्रश काढला, तर पाहुणा कमरेत वाकून वाकून नाही म्हणू लागला आणि यंत्रासमोर आडवाच उभा राहिला. मग मी खाणाखुणांनी त्याच्याकडून अर्थ उतरवून घेतले आणि कॉलेजच्या पद्धतीने घोकंपट्टी सुरू केली. रेघा मोजल्या, तक्ते केले, एकेक अक्षर शंभरदा गिरवलं. सकाळी कोरी पाटी!

यंत्रांना तेल घालणारे एक काका होते, मावळातले. पगाराच्या कागदावर अंगठा उठवायचे. ते माझ्या वहीत डोकावले.

"काय वो बीएस्सी, ह्ये काय वावर काढलंय?"

"अक्षर आहे काका. तेल."

"मग बराबर हाय की. ह्ये तीन थेंब. ह्ये वावर. वावरातनं करडईचं रोप वर आलंय. करडई म्हंजी तेलच."

मी वही मिटली. मला राग आला, खरं सांगतो. पण दुसऱ्या दिवशी सगळ्या वहीतलं तेवढंच अक्षर आठवलं.

मग मी मुकाट्याने जेवणाच्या सुट्टीत काकांशेजारी डबा आणि वही उघडू लागलो. वावरावर ढग आला, खाली शेपटी सुटली, ती वीज. ठेंगण्या दारातून वाकून आत शिरणारा गडी, म्हणजे काम चालू. 'तात्पुरतं थांबवा' हे बटण मात्र काही केल्या बसेना. त्यात पहिल्या अक्षरात माणूस आणि झाड, दुसऱ्यात रोवलेला पाय. काकांनी हातातल्या भाकरीनेच शेडमागच्या कडुलिंबाकडे दाखवलं. फोरमनसाहेब जेवण करून बुंध्याला टेकले होते, टोपी डोळ्यांवर, पाय लांब.

"बसलं?" काकांनी विचारलं.

बसलं, ते आजतागायत.

परीक्षेला मॅनेजरसाहेबही आले. फोरमनसाहेब पेन्सिलीने एकेक बटण दाखवत होते. माझी अडचण अशी की गोष्ट पुटपुटल्याशिवाय अर्थ यायचा नाही.

"थेंब, वावर, करडई... तेल!"

"हे काय पुटपुटताय?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. त्यांना मजा वाटली. "मग मोठ्याने सांगा की! आम्हालाही कळू द्या."

आणि पेन्सिल नेमकी त्या बटणावर येऊन थांबली. मी फोरमनसाहेबांकडे पाहिलं. आयुष्यात मी तोंडावर बोलायला कधी भ्यालो नाही, पण त्या दिवशी मी गोष्टीतला माणूसच बदलला.

"एक... वाटसरू असतो. झाडाखाली..."

"वाटसरू कुटला?" मागून काका. तेलाचा डबा हातात, चेहरा निरागस. "न्हाई वो, आपलं सायब हायेत त्ये! जेवून लिंबाला टेकल्यात, म्हंजी काम थांबलं."

शेडमध्ये कोणी हसलं नाही. हसू दाबायला सगळे खाली वाकून पान्हे शोधत होते. पाहुण्याला काही कळेना. त्याने फोरमनसाहेबांकडे बोट केलं, मग अक्षरातल्या माणसाकडे. मी मान डोलावली. त्याने टाचा जुळवल्या आणि फोरमनसाहेबांना कमरेत वाकून असा काही नमस्कार केला, जणू त्यांचा पुतळाच उभारलाय. मग मॅनेजरसाहेबांना राहवेना. रुमाल तोंडाला लावून ते खिडकीकडे वळले.

फोरमनसाहेबांचे कान लाल झाले होते. त्यांनी पाहुण्याला खुणेनेच विचारलं, अर्थ बरोबर आहे? पाहुण्याने जोरात मान डोलावली.

"मग मशीन तुझं," ते मला म्हणाले. "पण मी तिथे झोपत नाही, जेवण पचवतो. वहीत दुरुस्त कर."

"करतो साहेब."

मी काही केलं नाही. ते बटण शेवटपर्यंत 'साहेब'च राहिलं. पत्रा तिरका शिरला की शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आरोळी जायची, "साहेब दाब, साहेब!" फोरमनसाहेब दोन-तीनदा दचकून मागे वळले, मग वळेनासे झाले.

मशीनच्या वहीत पहिल्या दिवशी चालक म्हणून मी सही केली, पुढे बी.एस्सी. लावून. मदतनीस कोण हवा, असं विचारल्यावर मी काकांचं नाव दिलं. कारण ती बटणं त्या कारखान्यात आम्हा दोघांनाच वाचता येत होती. माझ्या सहीखाली त्यांनी अंगठा उठवला आणि वही उलटसुलट करून न्याहाळली.

"काय लिवलंय ह्ये?"

"माझं नाव, काका. आणि पदवी."

"ह्याला गोष्ट न्हाई का?" ते म्हणाले. "मग कसं ध्यानात ऱ्हायाचं?"