वीस मिनिटांनी पुढली फेरी

पेडणे महालातल्या आमच्या फेरीधक्क्यावर पलीकडच्या शाळेत शिकवायला जाताना मी रोज धावत पोचायचो आणि रोज धक्क्याच्या मुकादमांवर चिडायचो. दोन फेरीबोटी, त्यांचं डिझेल, खलाशांच्या पाळ्या, भरती-ओहोटी, सगळा कारभार त्यांच्या हातात. शिट्टी वाजवून साखळी लावली, की ती साखळी पुन्हा कुणासाठीही निघायची नाही. गोवा घटक राज्य झालं, तेव्हा नवाकोरा मंत्रीसुद्धा गाडीत घाम पुसत बसला होता.

"पुढली फेरी वीस मिनटांनी," ते गोड आवाजात सांगत. "पलीकडचो काठ खंय पळून वचना."

त्यांच्या मुलीचं लग्न पलीकडच्या देवळात होतं. वऱ्हाडाला घ्यायला ते अलीकडे आले, तेही गळ्यात शिट्टी अडकवूनच. लग्नाला निघालेला मीही धक्क्यावर होतो. वऱ्हाडाची बस वळणावर दिसली आणि यांनी शिट्टी वाजवली, साखळी लावली, बोट सोडली! मुलाचे वडील धावत आले. "व्याहीबुवा, मुहूर्त चुकतलो!"

यांनी शांतपणे सगळ्यांना चहा सांगितला.

मी त्यांना बाजूला घेतलं. "अहो, आज तरी थांबायचं होतं!"

"मास्तर, तीस वर्सां लोकांक पलीकडे धाडतंय," ते कुजबुजले. "वेळार कोण येता, ता माका ठावक आसा. पत्रिकेत मुहूर्त खऱ्या वेळेपरस पाऊण तास आदीचोच छापून घेतलो."

माझ्या पत्रिकेवरची वेळ शाईने खोडून आणखी पंधरा मिनिटं अलीकडे का आणली होती, तेही मला तेव्हाच कळलं.