कान गळून पडू नयेत म्हणून

डिसेंबरातल्या सगळ्यात लहान दिवशी इथे अमेरिकेत, हर्नडनमधल्या आमच्या शेजारच्या घरात खिमा कुटला जातो. तिथल्या चिनी आजी दोन हातांत दोन सुरे घेऊन लाकडी ठोकळ्यावर मटण असं काही तोडतात की भिंतीपलीकडे आमची भांडी वाजतात. त्या दिवशी डंपलिंग्ज खायचीच, नाहीतर थंडीने कान गळून पडतात, अशी त्यांच्याकडची समजूत. फार पूर्वी म्हणे एका वैद्याने थंडीने कान सडलेल्या गरिबांना मटण भरलेली, कानाच्या आकाराची डंपलिंग्ज उकडून खाऊ घातली होती. दरवर्षी आम्हा मायलेकींना बोलावणं असतं. करंज्यांची सवय असल्यामुळे मुडपण्याचं काम माझ्याकडे.

त्या वर्षी माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या डाव्या कानात कापूस होता. तो कान मी फोडला होता.

चार दिवसांपूर्वी तिच्या हातून माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर दूध सांडलं. पाच मिनिटांत मीटिंग होती. मी पूर्ण ताकदीने थोबाडीत मारली. ती खुर्चीसकट आडवी झाली. मी संतापी आहे, माझ्या माहेरचे सगळेच तसे. आम्ही भावंडं मार खाऊनच मोठी झालो आणि ते वर हसत हसत सांगतो. तिच्या कानातून रक्त आलं तेव्हा मी तिला उचलून गाडीत घातलं. पण खरं सांगते, दवाखान्याच्या वाटेवर मला तिच्या कानापेक्षा पोलिसांची भीती जास्त वाटत होती. इथे मूल काढून घेतात. गाडीतच मी पोलिसांचा धाक घालून तिच्याकडून उत्तर पाठ करून घेतलं, आणि डॉक्टरांपुढे तिने ते न अडखळता म्हटलं. कानाचा पडदा फाटला होता, हळूहळू भरून येईल म्हणाले. तिच्या बाबांनाही मी तेच सांगितलं.

आजींचे सुरे दणादण चालू झाले आणि मुलगी दर घावाला दचकायला लागली. आजींच्या ते लक्षात आलं. सुरे खाली ठेवून त्यांनी तिची हनुवटी वर केली, कापूस पाहिला.

"व्हॉट हॅपन?" त्यांना इंग्रजी जेमतेमच येतं.

"आय स्लिप्ड इन द बाथरूम. आय हिट माय इअर ऑन द टब." मी पढवलेले तेच शब्द, तोच सूर.

आजी माझ्याकडे बघत राहिल्या. मग उकळत्या पातेल्यातली पहिली डंपलिंग्ज काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवली. "ईट. इअर गुड," म्हणाल्या.

पोरीचा त्यावर पूर्ण विश्वास बसला. जीभ भाजत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी ती एकामागून एक डंपलिंग तोंडात कोंबत होती. मला ते बघवेना. स्वतःची इतकी किळस मला कधीच आली नव्हती.

"आय हिट हर," मी आजींना म्हणाले. "शी डिडन्ट फॉल. मी मारलं तिला."

मुलगी खुर्चीवरून उडी मारून धावत आली आणि तिने माझं तोंड हाताने दाबून धरलं. "आई, नो! शू! दे विल टेक यू!"

तिला जवळ घ्यावं म्हणून मी हात उचलला. तिने डोळे गच्च मिटले आणि मान खांद्यात ओढून घेतली.