नलिनीला शेंदूरजनाघाटला नेणाऱ्या समजाकाकू

मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांशी भांडू नये, एवढी अक्कल मॅट्रिक झालेल्या मुलीला असायला हवी. मला नव्हती. अकोल्याहून आलेल्या मुलाच्या आईनं डोळ्यांना पदर लावला अन् म्हटलं, "रेडिओवरच्या नाटकातली नलिनी गेली हो बिचारी, मागच्या आठवड्यात." मी चिवड्याची बशी दाणकन खाली ठेवली. "मुळीच नाही! ती शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या पेट्या भरते आहे."

"अगं, क्षय झाला होता तिला. गच्चीवर खोकत गेली."

"खोकला दलालाला झाला होता. तिनं त्याला सुंठ दिली, अन् मग भाव पाडला म्हणून झाडलं!"

बाबा घसा साफ करत राहिले. मुलगा मान खाली घालून हसत होता. मी मात्र नलिनीची वकिली थांबवली नाही; साक्षीला गल्लीतल्या काकूंचं नावही दिलं.

हा सगळा प्रताप आमच्या अमरावतीच्या गल्लीतल्या समजाकाकूंचा. त्यांचं खरं नाव फक्त त्यांच्या नवऱ्याला ठाऊक असावं, आणि तो ते घेत नसे. दूध उतू गेलं की काकू ओटा पुसता पुसता म्हणत, "समजा, मी इथंच उभी असती." जावई आवडला नाही की, "समजा, याची माय जरा कडक असती." देवानं केलेली एकही गोष्ट त्यांनी जशीच्या तशी स्वीकारली नाही.

गल्लीत रेडिओ एकट्या वकिलांकडे. काकू वकिलीणबाईंचे ब्लाउज शिवत, म्हणून नभोनाट्याच्या वेळी तिथं बसायचा मान त्यांचा. आम्ही पोरी तेव्हा चुलीपुढे. दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंच्या ओसरीवर जमायचं, त्यांच्या ब्लाउजांना हूक लावायचे, तुरपाई करायची. मजुरी म्हणून नलिनी मिळे. गोष्ट रंगली की मशीन धडाधड पळे आणि ऐन मोक्याला काकूंचा पाय थांबे. काकूंना जाऊन आता किती वर्षं झाली, पण कुठं शिलाई मशीन थांबलं की अजून माझा श्वास अडकतो.

मूळ नलिनी पुण्याची. नवरा विलायतेला गेलेला, ही गच्चीवर वाट बघत उभी. काकूंना ते सोसेना. "दोन महिने झाले, बाई गच्चीवरच हाय. खाली उतरत काहून नाही?" शेवटी त्यांनीच तिला खाली उतरवलं, वरूडच्या मोटारीत बसवलं आणि शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बगीच्यात कामाला लावलं. पुण्याची नलिनी रेडिओवर "मले नोको शिकवू" म्हणते, आंबाडीची भाजी मागून घेते, तरी मला शंका आली नाही. उलट, पुणेरी बाई वऱ्हाडात किती लवकर रुळली याचं कौतुक वाटे. अशी मी हुशार! हल्ली माझी नात टीव्हीच्या मालिकेतल्या जोडप्यांना तिच्या मनाजोगे संसार मांडून देते, आणि तिला वाटतं हा शोध तिच्या पिढीचा.

पाहुणे गेल्यावर मी तशीच काकूंकडे धावले. "काकू, तुम्ही खोटं सांगितलं!"

"खोटं काहून? त्या लिहिणाऱ्यानं तिले मारलं ते खरं, अन् मी जगवलं ते खोटं?"

"पण ती मेली ना!"

"गच्चीवरची मेली. माही नाही मेली." मग सुईत दोरा ओवत हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी मले घास उतरला नाही, पोरी. तुमच्यापाशी तेच आणून टाकलं असतं, तर तुमी जेवल्या असत्या का?"

अकोल्याहून उत्तर येईना. मला बाबांकडे बघवत नव्हतं. आणि खरं सांगते, तो मान खाली घालून हसणारा मुलगा मला आवडला होता.

एका दुपारी काकूंच्या ओसरीवर साक्षात त्या मुलाच्या आई! हातात खणाचं कापड. "ब्लाउज शिवायचा होता."

"अकोल्यात शिंपी नाहीत काय?" काकूंनी साळसूदपणे विचारलं आणि माप घेता घेता नलिनी सुरू केली. बाई हात वर करून उभ्या, माप कधीच संपलेलं. मग काकू मशीनवर बसल्या. विलायतेहून नवरा परतला, हुडकत हुडकत बगीच्यातल्या घरापाशी आला, त्यानं कडी वाजवली. मशीन थांबलं.

"मग? उघडलं का तिनं दार?"

"पुढचं या पोरीले माहीत हाय," काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "सून करून न्या. रोज ऐका."

मी तुरपाई सोडून बघतच राहिले. पुढचं आम्हां कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

लग्न झालं. अकोल्याला पहिल्याच आठवड्यात सासूबाई तुरीच्या शेंगा घेऊन समोर बसल्या. "हं, उघडलं का दार?" मी म्हटलं, मंगळवारी गोष्ट सांगत नाहीत. बुधवारी डोकं दुखलं. गुरुवारी त्यांनी स्वतःच माझ्या कपाळाला सुंठ लावली आणि शेंगा पुढ्यात ओढल्या. तेवढ्यात बाबा मांडवपरतणीला न्यायला आले म्हणून वाचले.

माहेरी पोचले ती आईच्या आधी काकूंच्या दारात. "काकू, पाया पडते, पुढं काय झालं ते लवकर सांगा!"

काकूंनी मला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं, हिरव्या चुड्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मले काय माहीत, व माय? नलिनी आता तुया घरी नांदून राहिली. दार उघडायचं का नाही, ते तूच ठरव."