फळीवरचा कागद

छापखान्यात तिला सगळे पट्टीबाई म्हणत. हातात कायम एक लाकडी पट्टी असे, एका कडेनं झिजून चमच्यासारखी झालेली. छापलेला मोठा ताव पुढ्यात घ्यायचा, कोपऱ्याला कोपरा लावायचा, पट्टी फिरवायची. पुन्हा दुमडायचा, पुन्हा पट्टी. तीन घड्यांत सोळा पानं. नवरा गेला त्या वर्षी ती या कामाला लागली, त्याला बारा वर्षं होत आली होती.

घड्या घालता घालता ती वाचे. शाळा चौथीपर्यंत, पण अक्षर दिसलं की नजर चिकटे. या तावातून दोन ओळी, पुढच्यातून तीन. त्यामुळे तिचं सगळं ज्ञान तुकड्यातुकड्यांचं. गाइडमधली उत्तरं तिला माहीत, प्रश्न माहीत नाहीत. कादंबरीतली बाई चौसष्टाव्या पानावर धाय मोकलून रडत होती हे माहीत, कशासाठी ते नाही.

त्या आठवड्यात बायकांच्या एका संस्थेची पुस्तिका छापायला आली. मूल कधी, किती आणि हवं की नको, हे बाईनं कसं ठरवावं, त्यासाठी काय काय उपाय असतात, चित्रांसकट. मालकांनी काम घेतलं खरं, पण ताव टेबलावर ठेवताना नजर छताकडे.

"हे घडी घालायला दिलंय, वाचायला नाही," ते म्हणाले.

"डोळे मिटून घातल्या तर वाकड्या येतील, मालक," शेजारी बसून पुस्तकांना पिना मारणारी बाई म्हणाली. मालक घाईघाईनं फोन करायला गेले.

पट्टीबाईनं घड्या सुरू केल्या. विसाव्या तावाला एक ओळ पूर्ण लागली: 'लग्न झालं म्हणून बाईचं शरीर दुसऱ्याच्या नावावर होत नाही.' पट्टी हातातच थांबली. तिची स्वतःची सात बाळंतपणं झाली होती, हाती चार लागली. चौथ्या वेळी तिनं धीर करून सासूला विचारलं होतं, आता पुरे करता येईल का. "आम्ही कधी विचारायला गेलो होतो का कुणाला?" सासू म्हणाली होती, आणि विषय तिथंच मिटला.

आता ती स्वतः सासू होती. सुनेला दोन मुलं, थोरलं अजून तीनचं नाही, धाकटं आठ महिन्यांचं. सून पाण्याची बादली उचलली की भिंतीला हात लावून उभी राही, ओठ पांढरेफटक. गेल्या महिन्यात तिची पाळी लांबली होती. दहा दिवस घरात कुणी काही बोललं नाही. अकराव्या दिवशी सून न्हाणीघरात खाली बसून तोंडावर ओंजळ धरून रडली. सुटले, म्हणून रडली. दाराबाहेर उभ्या पट्टीबाईला ते कळलं आणि ती मागच्या पावली परतली. पोरीला काहीतरी सांगायला हवं होतं. पण सासूनं सुनेशी असलं बोलायचं म्हणजे जीभ टाळ्याला चिकटायची.

मशीन चालू करताना पहिले पंधरावीस ताव डागाळलेले निघतात. ते शनिवारी बायकांनी वाटून घ्यायचे, घरी फळ्यांवर डब्यांखाली घालायला, ही छापखान्याची जुनी रीत. या वेळी मालकांनी आधीच बजावलं, "या कामाची रद्दी इथंच कापायची. लोकांच्या स्वयंपाकघरात नको."

पट्टीबाईनं एक ताव कॅलेंडरच्या रद्दीत गुंडाळला आणि जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून घरी नेला.

रविवारी तिनं फळी पुसली, ताव पसरला, गोळ्यांची माहिती असलेलं पान बरोबर मिठाच्या डब्यापुढे येईल असा. मुलाची धास्ती नव्हती. स्वयंपाकघरातल्या फळीवर काय आहे हे त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. मीठ कुठं असतं विचारलं असतं तर ताटात म्हणाला असता. सून मात्र दहावी शिकलेली, पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नसे.

सोमवारी कामावर तसाच ताव घडी घालायला हातात आला आणि पट्टीबाईला आपली चूक दिसली. न दुमडलेल्या तावावर निम्मी पानं उलटी डोक्यावर असतात. ते जाऊ दे, मान वाकडी करून वाचेल. पण पाचव्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं, 'एखाद्या दिवशी गोळी घ्यायची राहून गेली तर' आणि पुढचं सहावं पान तावाच्या पाठीमागे. म्हणजे अर्धी सूचना वर, अर्धी फळीला चिकटलेली.

"बारा वर्षं घड्या घालतेय," ती पिना मारणाऱ्या बाईला म्हणाली, "आणि अक्कल काडीची नाही."

"त्याला बारा कमीच पडतात," ती बाई म्हणाली.

मंगळवारी सकाळी सून बाळाला पाजत होती म्हणून पट्टीबाईनंच चहा ठेवला. डबे सगळे एकसारखे. साखरेचा डावीकडून दुसरा, हात न बघताच जाई. मुलानं घोट घेतला आणि थुंकला.

"आई, हा चहा आहे की समुद्र?"

सून आतून लगबगीनं आली. "काल मी फळी पुसली. डबे चुकून उलटसुलट लागले वाटतं."

"अगं, परवाच तर आईनं पुसली," मुलगा म्हणाला.

"धूळ फार येते," पट्टीबाई म्हणाली, आणि आपला खारट चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. सगळे डबे उतरवून, कागद उलटा करून सहावं पान वाचलं होतं पोरीनं.

संध्याकाळी मुलगा बाहेरच्या खोलीत लेकाला पाठीवर घेऊन घोडा झाला होता. सुनेनं आधण ठेवलं आणि फळीकडे बघत म्हणाली, "आई, हा कागद बदलायला हवा."

"का? फाटला?"

"नाही. त्यात सगळं आहे, पण... कुठं जायचं ते नाही."

ते पुस्तिकेच्या पाठीमागच्या कव्हरवर होतं. कव्हरं जाड कागदाची, मोजून छापलेली. त्यातलं वाया काही गेलं नव्हतं. आता कागद मदतीला येणार नव्हता. पट्टीबाईनं ओट्याची कड धरली. दोन हजार कव्हरांना घडी घातली होती तिनं, तोंडपाठ होतं सगळं.

"मोठ्या दवाखान्याच्या मागची गल्ली," ती हळू आवाजात म्हणाली. "औषधांच्या दुकानावर, दुसरा मजला. दर गुरुवारी दुपारी दोन ते पाच. डॉक्टर बाईच आहेत. आधी तपासतात, तब्येतीला काय चालेल ते त्या सांगतात." तिनं बाहेरच्या खोलीकडे एकदा पाहिलं. "नवऱ्याची सही लागत नाही."

सुनेनं आधणात साखर टाकली. या वेळी आधी चिमूट चाखून.

"आणि सासूची?"

"सासू पोरं सांभाळेल. परवा सुट्टी टाकते मी."

सून ओठ घट्ट दाबून चहा ढवळत राहिली, आधीच ढवळलेला.

बाहेरून घोड्यानं हाक दिली, "अगं, चहाला किती वेळ?"

"होतोय," दोघी एकदमच म्हणाल्या.