सभासद

कंपनी कायदा मनापासून खरा मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझे साडू, आमच्याकडच्या बोलीत साडभाऊ. गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये ते बॉयलर सांभाळत, मी तिथंच कारकून. मिलची कंपनी झाली तेव्हा जुन्या कामगारांना थोडे थोडे शेअर मिळाले. आम्ही ते कागद पेटीत टाकले. साडभाऊंनी मात्र वकिलाकडे जाऊन सभासदाचे हक्क समजून घेतले, आणि माणूसच बदलला. वार्षिक सभेची नोटीस ते पेन्सिलने खुणा करत वाचत आणि सप्टेंबरच्या उकाड्यात लग्नातला कोट घालून सभेला येत. घरातही ठरावाशिवाय पान हलेना. एकदा जेवायला गेलो तर मेहुणी म्हणाली, "भेंडीले अनुमोदन नाई भेटलं, भाऊजी. वरणच खा."

आम्ही बाकीचे सभेला समोशासाठी जायचो. ठराव आला की हात वर करायचा, झालं. एका वर्षी मात्र साडभाऊ उठले. बॉयलरचा सेफ्टी वाल्व्ह अडकतो, वाफ कोंडली तर बॉयलर फुटेल, तीनदा लिहून दिलं, कोणी पाहिलं नाही, असं त्यांनी भर सभेत सांगितलं. अध्यक्षस्थानी मिलचे मालक शेठजी होते. ते म्हणाले, "ये मीटिंग का विषय नहीं है. बैठ जाइये."

"कायले बसू, शेठजी? मी इथं नोकर म्हून नाई, सभासद म्हून उभा आहो. तिकडं बॉयलरपाशी बाया काम करून राहिल्या. माहा प्रश्न इतिवृत्तात लेहा, मंग बसतो."

सभा पुढे चालली, हे उभेच. एकदा त्यांनी आमच्या रांगेकडे पाहिलं. मी मान खाली घातली. शेवटी सेक्रेटरी शेठजींच्या कानाशी वाकला आणि त्याने प्रश्न लिहून घेतला. एकदा कागदावर आल्यावर जबाबदारी कोण घेणार? आठवड्याच्या आत तपासणी झाली. वाल्व्ह गंजून पक्का बसला होता. नवा लागला, आणि साडभाऊंची बदली गोदामात झाली.

आता त्यांचा दमा वाढला आहे. यंदाची सभा झाल्यावर मी भेटायला गेलो, तर खाटेवरूनच त्यांनी विचारलं, "कोनं काई विचारलं का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी रागवायला हवं होतं. ते नुसते थोडे सरकले आणि मला बसायला जागा करून दिली.